केर

कुणी प्रवासाला निघालं की लगेच केर काढायचा नाही, अशी आईची शिस्त होती. "माणूस वेशीबाहेर तरी पडू दे," म्हणायची. त्याला अर्धा तास पुरायचा.

परवा आमची लेक टोरांटोला परत गेली. मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटर, बावीस तास. बायकोने झाडू दाराआड ठेवला तो ठेवलाच.

"अगं, वेस कधीच मागे पडली," मी चिडवलं.

"पोचू दे तिला."

वेस किती लांब गेली आपली!

शेवटी फोन आला, "आई, पोचले गं." मीच झाडू घेतला. खुर्चीखाली लेकीने सोललेल्या शेंगांची टरफलं होती आणि तिचा एक लांब केस. तिकडे ती पोचली होती. इथून अजून निघायची होती.

मी झाडू परत दाराआड ठेवला.