हळदकुंकवाची फ्लॉपी

मेहरूणच्या प्रमिलाबाई महाजनांना यंत्राची भीती कधी वाटली नाही. आधी त्यांचा टायपिंगचा क्लास होता, मग सत्त्याण्णवच्या सुमारास संगणकावर लग्नपत्रिका छापायचं दुकान निघालं. यंत्र अडलं की त्या त्याला म्हणत, "थांब, आधी तुझं ऐकून घेते."

एकदा नशिराबादचे रुपचंद पाटील मुलीच्या लग्नपत्रिकेची फ्लॉपी घेऊन आले. धुळ्याच्या व्याह्यांनी पत्रिका तिकडच्या छापखान्यात संगणकावर तयार करून घेतली होती. वरचं कुलदेवीचं चित्र त्यांनी स्वतः काढलेलं. "यातला ठिपकाही हलवायचा नाही," असं त्यांनी बजावलं होतं. मुलीकडच्यांनी फक्त छापायची. रुपचंदभाऊंनी तीच पहिली पत्रिका मानून फ्लॉपीच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि ती देवापुढे ठेवली.

फ्लॉपी आत गेली. पडद्यावर प्रश्न आला : ही फॉरमॅट केलेली नाही, करू का?

रुपचंदभाऊंचा चेहरा उतरला. "कुंकू आत गयं वाटस. आते याहीस्ले काय तोंड दखाडू?" मग घाईनं म्हणाले, "बाई, व्हय म्हना ना! ते इचारी राह्यनं ना एवढं."

"पाटी पुसू का, असं विचारतंय ते. उद्या चोरानं कपाट उघडू का विचारलं, तर हो म्हणाल, भाऊ?"

प्रमिलाबाईंनी फ्लॉपी बाहेर काढून तिची पत्र्याची झडप सरकवून पाहिली. आत स्वच्छ.

"कुंकवाचा दोष नाही. तिकडे मॅक जातीचा संगणक असेल. मॅकनं आखलेली फ्लॉपी आमच्या विंडोजला कोरीच वाटते. पण इथे आखलेली मॅकला वाचता येते." त्यांनी नवी फ्लॉपी स्वतः फॉरमॅट करून दिली. "यावर पत्रिका चित्र म्हणून घालून आणा. अक्षरं म्हणून आणलीत तर तिकडचा फॉन्ट इथे नसल्यानं किडेमुंग्या दिसतील."

"परत धुये?"

"मुलगी तिथंच देताय ना? रस्ता पाठ करून घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी रुपचंदभाऊ प्रमिलाबाईंच्या खुर्चीमागे श्वास रोखून उभे होते. या वेळी यंत्रानं काही विचारलं नाही. आधी देवीचा मुकुट दिसला, मग डोळे, मग व्याह्यांकडच्या वडीलधाऱ्यांची नावं, अगदी होती तशी. भाऊंनी पडद्याला हात जोडले आणि समोरच्या एसटीडी बूथकडे धावले.

"याही, तुमनी देवी जशीनी तशी उनी!"

हा आवाज रस्ता ओलांडून दुकानात आला, तेव्हा प्रमिलाबाई छपाईचा कागद लावत होत्या.