तिकिटावर मावेल एवढं दिवेआगर

मी टपाल तिकिटांची चित्रं काढते. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "अजून निघतात तिकिटं?" निघतात हो! या वेळी पोफळीच्या वाडीच्या तिकिटाचं काम हातात होतं. फोटोवरून चित्र काढायचा मला मनस्वी कंटाळा, म्हणून सरळ गाडी काढली आणि पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर गाठलं. म्हसळ्यानंतर रस्ता वळणावळणाचा आहे, पोट तट्ट भरून बसू नका.

उतरले ते पाहुणे ठेवणाऱ्या एका काका-काकूंच्या घरी. मागे त्यांची वाडी, वाडीमागे समुद्र. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. मी नव्हतं सांगितलं, मला बिरड्याची उसळ मिळाली आणि माझी काहीएक तक्रार नाही.

वाडीत शिरले आणि चक्रावलेच. मला हवी होती उंच पोफळींची गर्द सावली. इथे माझ्या जेमतेम दुप्पट उंचीची झाडं आणि डोक्यावर ऊन. जुनी वाडी वादळात आडवी झाली होती. ही नंतर लावलेली, यंदा पहिल्यांदाच सुपारी धरलेली.

"जुनी काढा," काका म्हणाले. "माझ्या आज्यानं लावलेल्या व्हत्या त्या पोफळी. तिकिटावर तरी उभ्या राहू देत."

"आणि ह्या कुणी जगवल्या?" काकू फणकारल्या. "पानी मी घातलंय. तुमी तर वादळापासून वाडीत पाय ठेवला न्हाय."

काका उठून ओट्यावर जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. पण तिकीट एकच, त्यात दोन वाड्या कुठून मावणार?

मग आमच्या धंद्यातली नेहमीची युक्ती केली. दोन्ही वाड्यांची चित्रं काढून, जुनीचं अंदाजानं, नवीचं समोर बघून, कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लावली आणि मागे मागे चालत गेले. लांबून चित्र तिकिटाएवढं दिसतं, त्यात काय टिकतं ते कळतं. उंच पोफळींच्या नुसत्या रेघा उरल्या. छोट्या झाडावरचा केशरी सुपारीचा घोस मात्र फाटकापासूनही दिसत होता. माझं ठरलं. काकांना तोंडावर सांगणं काही जमलं नाही.

पुण्यात येऊन चित्र रंगवलं, पण चैन पडेना. शेवटी फोन केला.

"काका, नवी वाडीच काढलीय."

मला वाटलं, आता ठेवणार फोन.

"तिकिटावर किंमत कुठं छापतात?" त्यांनी विचारलं.

"वरती. झाडांच्या डोक्यावर."

"खाली घ्या ती," काका म्हणाले. "वर जागा ठेवा. वाढायच्या हायेत अजून."