फोटो उलटवला, नजर नाही

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तोंडावर 'डोकं तपासून घ्या' म्हणणारी मी बाई. यवतमाळात वेब डिझायनिंग शिकवते... कॉम्प्युटर दाखवतो तेच खरं, हा माझा हेका. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली गोष्ट. मारेगावचे रशीदभाई फोटोग्राफर. पुढे स्टुडिओ, मागे घर, थोडी शेती. त्यांनी आपल्या फोटोंची वेबसाइट बनवली होती, ती तपासायला मला बोलावलं. भर दुपारी स्टुडिओत बसून मी झोडपायला सुरुवात केली — काळ्यावर लाल अक्षरं वाचवत नाहीत, फोटो नुसते कोंबलेत. ते बिचारे मान डोलावत होते. त्यांची चार वर्षांची रुखसार सारखी माउस ओढायची. मी दटावलं, तशी ती आत पळाली.

पहिल्याच पानावर, उजव्या कडेला, त्यांच्या वारलेल्या अम्मीचा फोटो होता. अम्मी उजवीकडे, पानाबाहेर बघत होत्या. म्हटलं, माणसाची नजर पानाच्या आत हवी, फोटो आरशातल्यासारखा उलटवा.

त्यांनी उलटवला. मागच्या कॅलेंडरचे आकडे उलटे झाले, पदर दुसऱ्या खांद्यावर गेला. पण चेहरा? तो उजवीकडेच! पुन्हा केलं. आकडे सुलटे, पदर जागेवर, नजर तिथेच.

"अम्मी बघतायत त्या बाजूला काय आहे?" मी विचारलं.

"आमच्या ओसरीत काढलेला फोटो हाये ताई. तिकडं कापसाची खोली..." रशीदभाई उठलेच. "रुखसार कुठं गेली?"

भाव येईल म्हणून कापूस विकलाच नव्हता. खोली छतापर्यंत भरलेली. आम्ही धावलो. दार अर्धवट उघडं, आत ढीग ढासळलेला. दोघांनी हातांनी कापूस उपसला... आधी एक पाय लागला. ओढून काढली तेव्हा ओठ निळे पडले होते. रशीदभाईंनी तिच्या तोंडातला कापूस काढला, पाठीवर थापा मारल्या. ती खोकली, मग रडली. मीच तिला आत हाकललं होतं, हे अजून टोचतं.

संध्याकाळी तोच फोटो मी पुन्हा उलटवला. अम्मींचा चेहरा मुकाट डावीकडे वळला. चारदा केलं, चारही वेळा वळला.

निघताना रशीदभाई म्हणाले, "ताई, तुमी तसं इचारलं नसतं तं माही पोरगी हाती लागली नसती."

मी तर फक्त लेआउटमधली चूक काढत होते. ती चूक कोण करत होतं, ते मला आजही कळलेलं नाही.