खाली ठेवलेली टोपली

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. नदीकाठची भाजी घेऊन ती पहाटे दौंडच्या बाजाराला निघायची आणि मी त्याच वाटेनं पळायच्या सरावाला. दहावीनंतर शाळा सोडून कोकणातून इथं हॉटेलात कामाला आलो होतो. लष्कराच्या भरतीत मैलभर पळताना एकदा नापास झालो होतो, आणि आता ही शेवटचीच संधी होती; त्यापुढं वयात बसणार नव्हतो.

डोक्यावर भरली टोपली, तरी तिची चाल अशी की मला धापच लागे.

"मिलट्रीत जानार व्हय रं? आन् म्हातारीच्या मागं ऱ्हातूस?"

"मावशी, जरा थांबा की!"

"टोपली खाली ठिवली की उचलून द्याया दुसरं मानूस लागतं, लेका. म्हनून थांबायचंच न्हाई."

भरतीच्या दिवशी शेवटच्या फेरीत पोटात कळ आली. वेळ संपल्याची शिट्टी साहेबांच्या ओठांवर होती. पाय थांबणार, तोच बाजाराच्या वाटेकडच्या कुंपणापाशी मावशी दिसली. बाजार भरायची वेळ, आणि तिची टोपली जमिनीवर!

"पळ की रं! ही कोन उचलून देनार मला?"

शिट्टीच्या आत मी रेषा ओलांडली. तिथं थांबलो नाही. तसाच कुंपणापर्यंत गेलो आणि टोपली तिच्या डोक्यावर दिली.