वांग्याच्या झाडाची उंची

बाबा साकोलीला छापखान्यात होते. बिघडलेली पत्रकं ते घरी आणायचे. कोऱ्या बाजूवर मी गणितं करायची आणि छापील बाजू मोठ्यानं वाचायची: जाहीर निषेध, कामगारांना आवाहन, खोट्यांचा पर्दाफाश. सातवीत मी बोलायचीही तशीच.

त्या वर्षी सरांनी शाळेमागे परसबाग लावली. प्रत्येक जोडीला वांग्यांची एक ओळ दिली होती. दर शनिवारी खूण केलेल्या झाडाची उंची मोजून वहीत लिहायची. आमच्यात मोजायचं काम मैत्रिणीचं होतं आणि लिहायचं माझं, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

एका शनिवारी शेजारच्या जोडीनं न मोजताच आकडे टाकल्याचं उघडकीला आलं. सरांनी त्यांचं पान फाडलं आणि दोघींना परिपाठाला सगळ्यांसमोर उभं केलं. मी रांगेतून म्हणाले, "खोटी नोंद म्हणजे चोरी, सर." सर म्हणाले, "बरोबर आहे."

पुढच्या शनिवारी मैत्रिणीनं पट्टी लावली. "पंचवीस."

मी मागचा आकडा पाहिला. एकतीस होता. झाड कधी खाली जातं का? पंचवीस लिहिलं असतं तर एकतीस खोटं ठरलं असतं, आणि मग परिपाठाला मी उभी राहिले असते. तिला काही न बोलता मी चौतीस लिहिलं. घाईत चाराची शेपटी खालच्या ओळीत गेली.

सोमवारी सर स्वतः पट्टी घेऊन ओळीत उतरले. "इथे तर पंचवीस भरतात. चौतीस कुठून आले?"

मैत्रीण म्हणाली, "मी पंचवीसच सांगतलं होतं, सर."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग माझ्याकडे. "ही खोटं लिहिणारी नाही. तूच चुकीचं मोजलं असशील. उद्या परिपाठाला समोर ये."

मी गप्प राहिले असते तर सरांना कधीच कळलं नसतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"सर, तिनं पंचवीसच सांगितलं. चौतीस मी मनानं लिहिलं."

खाली बसून सरांनी बुडाजवळची माती बोटांनी बाजूला केली. खोड आत बरंच खोल गेलं होतं.

"माती कोणी चढवली?"

"म्या, बुधवारी," मैत्रीण म्हणाली. "आमच्या वाडीत वांग्याले लावतेतच."

आमच्याकडे शेती नव्हती. बुडाशी माती चढवली की झाड मोजायला आखूड भरतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

परत येताना ती म्हणाली, "काहून नाही इचारलं मले? येवढी मोठी भाषणं करतेस, अन् साधं इचारता नाही येत तुले?"

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी एकटीच समोर उभी राहिले. त्या फाडलेल्या पानाच्या दोघी पहिल्याच रांगेत होत्या. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.