रोटरी गाडीने परभणी ते येलदरी, मध्ये गुरांचा दवाखाना

माझ्या दादाने जुनी जपानी रोटरी इंजिनाची गाडी घेतली, त्या दिवसापासून वहिनी त्याच्याशी गाडी सोडून सगळ्या विषयांवर बोलत होती. या इंजिनात वर-खाली होणारा पिस्टन नसतो, तिकोनी चकती गोल फिरते, हे दादाने घरातल्या प्रत्येकाला पोळी फिरवून दाखवलं होतं. शेवटी वहिनीने अट घातली.

"येलदरीला जाऊन स्वतःच्या चाकांवर परत आली, तर राहील. टेम्पोत बसून आली, तर तशीच विकायला जाईल."

पंच म्हणून मला नेलं. मागची सीट तळहाताएवढी, त्यामुळे गुडघे कानांजवळ घेऊन मी परभणी सोडली. सकाळी सातला निघा, ऊन चढायच्या आत वालूरची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, निवांत बघता येते. पेडगावपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे खड्डे. उंचीने कमी असलेली गाडी असेल तर प्रत्येक खड्ड्याशी ओळख होते.

पेडगावच्या पुढे दादा एका ट्रॅक्टरला ओलांडायला गेला आणि तिथेच फजिती झाली. आरपीएमचा काटा चार हजाराला पोहोचला, इंजिन नुसतंच ओरडलं, गाडी काही पुढे सरकेना. ट्रॅक्टरवाला आमच्याकडे बघत आरामात पुढे गेला.

"सोलेनॉइड असणार," दादा म्हणाला.

"टेम्पो असणार," वहिनी म्हणाली.

तशीच रखडत गाडी वालूरला आली. दादाने बॉनेट उघडलं आणि मला समजावलं. कमी वेगात हवेची एक वाट झडपेने बंद असते. वेग वाढला की सोलेनॉइड नावाचा छोटा विजेचा नळ उघडतो, बारीक पाइपातून एका डबीला हवेची ओढ लागते, डबीतली दांडी आत खेचली जाते आणि झडप उघडते. आमची दांडी हलत नव्हती. सोलेनॉइडला बॅटरीची वायर लावली तर 'टक' वाजलं, म्हणजे तो जिवंत होता. मग दांडीच्या डबीला जोडलेला पाइप काढून दादाने डबीची नळीच तोंडात धरली आणि जोर लावून ओढली. डोळे बाहेर आले, दांडी जागची हलली नाही.

पारावरचे एक आजोबा उठून आले.

"काय ओढायलाव हो? हुक्का हाय का?"

"न्हाई, गाडी तपासायलोय."

"मग गाडीलाच ओढू द्या की. तुमी कशाला जीव काढायलाव?"

वहिनी इतकी हसली की तिला पारावर बसावं लागलं. आजोबांनीच समोरच्या गुरांच्या दवाखान्याकडे बोट दाखवलं. तिथे तोंडाऐवजी ओढायला मोठी सिरिंज मिळेल, हे मात्र वहिनीला सुचलं. आम्ही दोघी गेलो.

डॉक्टर लगबगीने पिशवी उचलत म्हणाले, "कोण आजारी हाय?"

"गाडी," मी म्हणाले.

"जर्सी का गावरान?"

"जपानी," वहिनी म्हणाली.

डॉक्टर पिशवी घेऊनच आले. त्यांची सिरिंज मनगटाएवढी जाड. दादाने हात पुढे करायच्या आत ती वहिनीने घेतली, डबीच्या नळीला लावली आणि दट्ट्या ओढला. दांडी जराशी हलली आणि अडकली.

"काजळी धरली असणार," दादा म्हणाला. त्याने गाडीतला काजळी काढायचा स्प्रे मारून दांडी हाताने मागेपुढे केली. वहिनीने पुन्हा ओढलं. सर्रकन दांडी आत गेली!

"गेली! अहो, गेली!" वहिनी ओरडली. नंतर तिने उगाचच सहा वेळा ओढून पाहिलं.

पण गाडी सुरू करून वेग वाढवला, तर दांडी पुन्हा ढिम्म. दादा खांदे पाडून उभा राहिला. वहिनी मात्र बॉनेटमध्ये आणखी वाकली.

"डबी चांगली, सोलेनॉइड चांगला. मग मधला पाइपच राहिला ना?"

तिने सोलेनॉइडकडून येणाऱ्या पाइपावर बोट फिरवलं. खालच्या बाजूला लांब चीर होती. शेतीच्या दुकानातून फवारणी पंपाच्या पाइपाचा तुकडा आणला, बसवला. आता वेग वाढवताच दांडी आपली आपण आत गेली. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी सिरिंजचे पैसे घेतले नाहीत, फक्त एक चक्कर मागितली. ती दिली.

पुढे जिंतूरवरून येलदरी. धरणाचं पाणी थेट आभाळाला टेकलेलं, वारा भन्नाट. तिथे ताजे तळलेले मासे आणि ज्वारीची भाकरी जरूर खा. काटे मात्र जपून काढा, दादा ठसक्याने अर्धा तास बोलू शकला नाही. वहिनी म्हणाली, सहलीतला उत्तम अर्धा तास.

परतताना तिने किल्ली मागितली. मोकळा सरळ रस्ता आला, काटा चार हजारावर गेला आणि गाडीने अशी झेप घेतली की माझे गुडघे कानांवरून डोळ्यांवर आले. वहिनीच्या तोंडून निघालेली आरोळी मी याआधी फक्त कबड्डीच्या मैदानावर ऐकली होती.

"हळू! अहो, हळू!" दादा म्हणाला. तो वहिनीला 'अहो' म्हणाला, हे त्याला अजून मान्य नाही.

दिवस मावळायच्या आत आम्ही घरी होतो. अंग दोन दिवस दुखलं, बारव घाईत पाहिली, त्याची हळहळ आहे. गाडी राहिली. फक्त दर रविवारी ती दादाला विचारत नाही, वहिनीबरोबर जाते.

तुम्ही येलदरीला जाणार असाल, तर कुठलीही गाडी चालेल. दादा नसला तरी चालेल. वहिनी मात्र बरोबर घ्या.