दाढेखालची ज्वारी

ज्वारी वाळली की नाही हे आमच्याकडे दाढ सांगते. दाणा दाढेखाली धरून चावायचा. कट्ट वाजला तर कोठीत भरायची, मऊ दबला तर आणखी एक ऊन. पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या गावात हे काम माझ्या आईचं. शेजारच्या बायका मूठभर दाणे पदरात घेऊन तिच्याकडे यायच्या. ती एक दाणा तोंडात टाकून डोळे मिटायची आणि सगळं अंगण गप्प व्हायचं. तो कट्ट आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

मी खामगावात राहते, रविवारी गावी जाते. गेल्या वर्षी आईच्या उरल्यासुरल्या दाढाही काढाव्या लागल्या, तेव्हा मी तिला कवळी बसवून दिली. तिला नको होती. मी हट्टाला पेटले. मला तिचं पूर्वीचं हसणं परत हवं होतं, दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली तरी आभाळ हटेना, म्हणून मी सुट्टी वाढवून गावीच राहिले. स्लॅबवर ज्वारी पसरून आम्ही दोघी दुपारभर तिच्यात बसायचो. ऊन यायचं, जायचं. आई पायानं दाणे परतत फिरायची, त्या सरसर आवाजात मला डुलकी लागायची. जाग यायची तेव्हा ती तशीच फिरत असायची, आणि किती वेळ गेला ते कळायचं नाही. चौथ्या दुपारी तिनं दाणा तोंडात टाकला, डोळे मिटले.

"झाली व. भर आता."

मी भरली. मधेमधे कडुनिंबाचा सुकलेला पाला घातला, कोठीचं झाकण लावलं आणि खामगावला आले.

संक्रांतीच्या सुमारास मीच झाकण उघडलं. आतून कोंदट, उबट वास आला. दाण्यांचे गोळे झाले होते आणि त्यांवर निळसर-हिरवी भुकटी बसली होती. खरं सांगते, कवडशात ती उडाली तेव्हा क्षणभर छान दिसली. मग चुलीजवळचं टोपलं दिसलं. त्यात तीच ज्वारी होती, धुऊन वाळवलेली. मला दर रविवारी गव्हाच्या पोळ्या का मिळत होत्या ते तेव्हा कळलं.

"माय, तू हे खाऊन राह्यली?"

"हाव. तीन पाण्यानं धुतली. भाजल्यावर काय राह्यते?"

मी कृषी सहायकाला फोन लावला. तो म्हणाला, बुरशी धुतली जाते, पण तिचं विष दाण्यात उरतं, भाजूनही जात नाही. जनावरालाही घालू नका, पुरून टाका. मी घाबरले की भांडायलाच लागते.

"ओली होती तं भर काऊन म्हटलं?"

आईनं कवळी काढून तळहातावर ठेवली. "याच्यानं काहीबी चावलं तरी कट्टच वाजते. मले समजतच नाई आता."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"इतक्या बाया इचारतेत मले," ती म्हणाली.

कवळी तर माझीच हौस. मी तिला खामगावला डॉक्टरकडे नेलं, तपासण्या ठीक निघाल्या. ज्वारी बांधाकडेला खड्डा करून पुरली. वाटेत सांडलेले दाणे आई वाकून वेचत होती, मग तेही तिनं खड्ड्यात टाकले. मी तोंड फिरवून रडून घेतलं.

यंदा पुन्हा स्लॅबवर ज्वारी पसरली. शेजारची बाई पदरात दाणे घेऊन जिना चढून आली. मला आईकडे बघवेना. आईनं एक दाणा निवडला आणि माझ्यापुढे धरला.

"इले इचार. माह्या लेकीची दाढ चांगली हाय."

मी चावला. दाणा मऊ दबला.

"आणखी एक ऊन लागते," मी म्हणाले आणि आईकडे पाहिलं. तिनं सवयीनं डोळे मिटले होते.